अंजनेरीचा रस्ता नेमका कोणासाठी?

कुंभमेळ्याच्या तोंडावर गावरस्ता, पर्यटनरस्ता आणि जमिनीचे व्यवहार यांची सरमिसळ

खास प्रतिनिधी, नाशिक

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागले की वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर दिसू लागतो. उंची सव्वाचार हजार फुटांच्या आसपास. हनुमानाचा जन्म येथे झाला अशी पंचक्रोशीची श्रद्धा आहे. पायथ्याच्या गावातून काही अंतरापर्यंत वाहन जाते, तेथून पुढे पायऱ्या आणि पाऊलवाट. ज्याला दर्शन घ्यायचे तो चढतो, ज्याला झेपत नाही तो खालूनच हात जोडतो. वर्षानुवर्षांचा हा क्रम २०२१ मध्ये चर्चेचा विषय झाला. मुळेगावच्या बाजूने थेट डोंगरावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि निसर्गप्रेमी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. डोंगरमाथ्यावर गाडी काही पोहोचली नाही. मात्र प्रस्ताव बारगळला म्हणजे प्रश्न निकाली निघाला, असा समज करून घेणे धाडसाचे ठरेल. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीने त्र्यंबक परिसरातील प्रत्येक रस्त्याची फाईल पुन्हा टेबलावर आणली आहे. अशा वेळी अंजनेरीचा विषय नव्याने तपासून पाहणे आवश्यक ठरते.

त्या वेळचा वाद ‘भाविक विरुद्ध पर्यावरणवादी’ या ठरलेल्या साच्यात अडकला. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला दुर्मीळ वनस्पती. या मांडणीत दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात. परंतु तिने मूळ मुद्दा झाकला जातो. रस्ता हवा की नको, हा तो मुद्दा नव्हे. रस्त्याची मागणी ज्याच्या नावाने होते तो आणि रस्त्याचा लाभ ज्याला होतो तो, हे दोघे एकच आहेत का, हे तपासण्याची सोय आपल्या निर्णयप्रक्रियेत कोठे आहे, हा खरा मुद्दा आहे.

आधी जागेविषयी. अंजनेरी २०१७ मध्ये ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. क्षेत्रफळ अवघे ५.६९ चौरस किलोमीटर, म्हणजे ५६९ हेक्टर. याच जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य सुमारे १०० चौरस किलोमीटरचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे अंजनेरीचा जीव किती लहान आहे ते कळते. या चिमुकल्या तुकड्यावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्प वर्गातील वनस्पती उगवते. तिचे शास्त्रीय नावच या डोंगरावरून पडले आहे. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ती नवी प्रजाती म्हणून नोंदविली. कड्याकपारींत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. पठारावरील मातीचा थर पातळ आहे आणि पावसाळ्यात त्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या ओघळांवर तेथील सगळे फुलणे अवलंबून आहे. अशा ठिकाणी रस्त्याची पट्टी किती मीटर रुंद, एवढ्यावर नुकसान मोजता येत नाही. रस्त्यासाठी डोंगर कापावा लागतो, भराव घालावा लागतो, बाजूने गटार काढावे लागते. पाणी नेहमीच्या वाटेने न जाता गटाराने जाऊ लागते आणि खालच्या उतारावरचा ओलावा तुटतो. झाडे किती तुटणार या आकड्याभोवती चर्चा फिरत राहते. पण पठारावरील कंद आणि गवत झाडांच्या मोजणीत येत नाहीत.

‘राखीव’ हा शब्द मोठा असला तरी कायद्याचे कवच तेवढे मोठे नाही, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील कलम ३६-अ नुसार संवर्धन राखीव क्षेत्र घोषित होते. हे कलम अभयारण्याची काही कलमे येथेही लागू करते आणि त्यांची यादी देते. शिकार, आगी लावणे, उपद्रवी पदार्थांचा वापर यांना त्या यादीमुळे आळा बसतो. परंतु अभयारण्यात अधिवासाचा नाश करण्यास मनाई करणारे आणि पाण्याचा प्रवाह वळविण्यावर निर्बंध घालणारे कलम २९ त्या यादीत नाही. म्हणजे अभयारण्यातून रस्ता नेताना जी कठोर पायरी चढावी लागते, ती अंजनेरीत आपोआप लागू होत नाही. मुख्य आधार उरतो तो वनजमीन वळती करण्यासाठी केंद्राची मंजुरी बंधनकारक करणाऱ्या १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा.

त्या कायद्यातही २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यातील दोन तरतुदी नाशिककरांनी समजून घ्याव्यात अशा आहेत. शासनाने देखभाल केलेल्या सार्वजनिक रस्त्यालगतची, वस्तीला किंवा रस्त्याकडेच्या सुविधेला प्रवेश देणारी वनजमीन प्रत्येक प्रकरणी ०.१० हेक्टरच्या मर्यादेत कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. ०.१० हेक्टर म्हणजे १० गुंठे. तसेच वन कार्ययोजनेत किंवा वन्यजीव व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा यापुढे ‘वनेतर वापर’ मानल्या जात नाहीत. पहिल्या तरतुदीचा हेतू रास्त आहे. जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला घरापर्यंत जाण्यासाठी दिल्लीपर्यंत कागद पाठवावा लागू नये, हे कोणीही मान्य करील. पण ‘रस्त्याकडेची सुविधा’ या शब्दांत शाळेची वाट बसते तशीच उपाहारगृहाची वाटही बसू शकते. दहा-दहा गुंठ्यांची प्रकरणे एकामागून एक आली तर त्यांची बेरीज कोण करणार, याचे उत्तर कायद्याच्या मजकुरात सापडत नाही.

याउलट गावाच्या रस्त्यासाठी कायद्याने एक स्वतंत्र आणि सरळ दार ठेवले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) अन्वये शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा, रस्ते अशा १३ प्रकारच्या शासकीय सुविधांसाठी वनजमीन देता येते. अटी तीन. जमीन प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी असावी, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. शेताच्या बांधावरून वाट हवी असेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार ती देऊ शकतात. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी गावरस्ता आणि मोठा प्रकल्प यांतला भेद ओळखला होता. तो भेद पुसला जातो तो प्रस्ताव लिहिताना. ‘ग्रामस्थांची व भाविकांची सोय’ असे एका दमात लिहिले की दोन निराळ्या गरजा एका वाक्यात बसतात आणि मग दुसरीच्या मापाचा रस्ता पहिलीच्या नावाने मागता येतो.

ग्रामस्थांची सोय म्हणजे काय, याचे चित्र याच त्र्यंबकेश्वर तालुक्याने राज्याला दाखविले आहे. खरशेत ग्रामपंचायतीतील शेंद्रीपाडा येथे तास नदीच्या खोल पात्रावर टाकलेल्या लाकडी ओंडक्यावरून डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या महिलांची छायाचित्रे २०२२ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. तत्कालीन मंत्री आदित्य ठाकरे यांनी दखल घेतली, तातडीने लोखंडी पूल उभा राहिला आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुराने तो निकामी केला. ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावर वसलेल्या मेटघर किल्ला परिसरातील पाड्यांची व्यथाही वेगळी नाही. ‘मेट’ म्हणजे किल्ल्याच्या पहाऱ्याची चौकी. ज्यांच्या पूर्वजांनी किल्ल्याची राखण केली, त्यांच्या लेकीसुनांना उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून पाणी भरावे लागते, हे वृत्त दर वर्षी छापून येते आणि दर वर्षी शिळे होते. अशा वस्त्यांसाठी लागणारी वाट काही शे मीटरची असते, खर्च थोडा असतो आणि कायद्याचे दार उघडे असते. तरीही ती फाईल रेंगाळते. डोंगरमाथ्यावर नेण्याच्या रस्त्याला मात्र पाठपुरावा करणारे भराभर मिळतात. यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. मोठ्या कामाला मोठे आवाज लाभतात, इतकेच.

आता जमिनीकडे वळू. संवर्धन क्षेत्राची हद्द कागदावर जेथे संपते तेथून खासगी सातबारे सुरू होतात. हद्दीला चिकटून असलेल्या जमिनीचा भाव दोन गोष्टींवर ठरतो. समोर काय दिसते आणि तेथपर्यंत गाडी जाते का. डोंगर फुकट मिळालेला असतो. राहतो तो रस्ता. त्यामुळे रस्त्याची केवळ आखणी झाल्याची कुणकुण लागली तरी व्यवहार सुरू होतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी २०२१ मध्ये झालेल्या बेसुमार उत्खननाने हे दाखवून दिले. जमीन खासगी होती, डोंगराचा उतार मात्र सर्वांचा होता. यंत्रांनी आधी वाट कापली, मग सपाटीकरण केले आणि गोदावरीच्या उगमस्थानाचा उतार लाल मातीने उघडा पडला तेव्हा शहराचे लक्ष गेले. आंदोलन झाले, महसूल यंत्रणेला कारवाई करावी लागली. बेळगाव ढगा परिसरातील संतोषा व भागडी या डोंगरांवरील उत्खननाचा प्रश्नही त्याच सुमारास पेटला आणि जिल्हा प्रशासनाला अवैध उत्खननाविरुद्ध कृती दल नेमावे लागले. दल नेमले गेले ते डोंगर पोखरल्यानंतर. आधी वाट कोणी व कशासाठी मागितली, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला असता तर पुढचा पंचनामा करावा लागला नसता.

या पट्ट्यात जमीन घेण्याचे नियमही साधे नाहीत. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीखाली येतो. तेथे भूसंपादन शक्यतो टाळावे, अखेरचा उपाय म्हणूनच करावे आणि त्यासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती घ्यावी, असे २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ सांगते. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यास महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली जिल्हाधिकारी व शासन यांच्या मान्यतेची अट आहे. दुसरीकडे, मे २०१५ च्या शासन निर्णयाने सार्वजनिक प्रकल्पासाठी वाटाघाटीने थेट जमीन खरेदी करण्याची मुभा दिली आणि ठरलेल्या मोबदल्यावर २५ टक्के वाढीव रक्कम देण्याची तरतूद केली. संमतीने होणारा व्यवहार केव्हाही चांगला. मात्र या वाटाघाटीत बसणारे दोघेच असतात, शासन आणि जमीनमालक. बाजूचे गाव आणि मागचा डोंगर या बैठकीला नसतात.

वाटाघाट उशिरा सुरू झाली की काय होते, याचा प्रत्यय त्र्यंबक रस्त्यावरच आला आहे. २०२५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने रस्त्यालगतची बांधकामे हटविण्यास सुरुवात केली आणि शेतकरी व मिळकतधारक रस्त्यावर उतरले. रुंदीकरणाला विरोध नसल्याचे अनेकांचे म्हणणे होते. वाद होता तो रस्त्याच्या मध्यापासून किती मीटर, कोणत्या नियमाने आणि मोबदला कोणता, यावर. हे तिन्ही प्रश्न यंत्र उभे राहण्याच्या आधी सुटायला हवे होते. त्याच सुमारास शहरात तपोवनात साधुग्रामासाठी सतराशेंहून अधिक झाडे काढण्याच्या हालचालींवरून नागरिक संतापले. महापालिकेने हरकती मागविल्या खऱ्या, पण हरकत घेणाऱ्यांची भावना अशी झाली की निर्णय आधीच झाला आहे, आपण केवळ सह्या करायला आलो. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याला एकच क्रम दिसतो. आधी रेषा आखायची, मग लोकांना बोलवायचे.

अंजनेरीच्या बाबतीत या क्रमाला श्रद्धेच्या स्पर्धेची जोड मिळाली. २०२१ मध्ये तिरुमला तिरुपती देवस्थानने हनुमानाचे जन्मस्थान तिरुमलेच्या अंजनाद्री डोंगरावर असल्याचा दावा केला. कर्नाटकातील किष्किंधेचा दावा जुनाच होता. मे २०२२ अखेर नाशिकरोडला या विषयावर भरलेली धर्मसभा वादावादीत आटोपली. दाव्याला जोर यायचा तर यात्रेकरूंची संख्या हवी, संख्येसाठी सोय हवी, असे हे गणित. केंद्राच्या पर्वतमाला योजनेतून ब्रह्मगिरी व अंजनेरी जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्तावही याच काळात चर्चेत आला. रस्त्याऐवजी रोपवे बरा, असे म्हणणारे काही जण आहेत. खांबांखाली जमीन कमी जाते हे खरे. मात्र माथ्यावर उतरणारी गर्दी तेवढीच राहते किंवा वाढते आणि गिधाडांच्या कड्यांजवळून दोर जाणार असेल तर तो हिशेब निराळा करावा लागतो.

रस्ता मागणाऱ्यांचे म्हणणे मोडीत काढण्यासारखे नाही, हेही नोंदविले पाहिजे. वृद्ध व अपंग भाविकांना दर्शन घडावे, डोंगरावर कोणी जखमी झाले तर लवकर खाली आणता यावे, पायथ्याच्या तरुणांना चार महिन्यांऐवजी बारा महिने रोजगार मिळावा, या अपेक्षा स्वाभाविक आहेत. पण यांतील प्रत्येकाचे उत्तर गाडीरस्ताच आहे काय? सुस्थितीतील पायऱ्या, डोलीची शिस्तबद्ध व्यवस्था, पायथ्याशी प्रथमोपचार केंद्र आणि तेथेच वाहनतळ व दुकाने ठेवली तर रोजगार गावात राहतो. गाडी थेट वर गेली की पायथ्याचे गाव मागे पडते. वर्षभर चहा विकणाऱ्याने रस्त्याला पाठिंबा द्यावा आणि रस्ता झाल्यावर गाडीने त्याच्या दुकानापुढून न थांबता वर जावे, असा प्रकार राज्यातील अनेक तीर्थस्थानी घडला आहे. शिवाय डोंगरी रस्ता एकदा बांधून होत नाही. सप्तशृंगगडाच्या घाटात जानेवारी २००८ मध्ये बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक भाविकांचा बळी गेला, त्याच घाटात जुलै २०२३ मध्ये पुन्हा एसटीची बस कोसळली. संरक्षक कठडे, दरडी अडविणाऱ्या जाळ्या, दर पावसाळ्यानंतरची दुरुस्ती, हे सर्व खर्च उद्घाटनाच्या फलकावर कधीच लिहिलेले नसतात.

बोरगडचे उदाहरण येथे उपयोगी पडते. नाशिकच्या उत्तरेस दिंडोरी तालुक्यातील हा डोंगर २००८ मध्ये राज्यातील पहिले संवर्धन राखीव क्षेत्र ठरला. क्षेत्र अवघे ३.४९ चौरस किलोमीटर. निसर्गसंवर्धन करणारी मंडळी, वनखाते आणि तुंगलदऱ्यासारख्या पायथ्याच्या गावांतील ग्रामस्थ यांनी मिळून उजाड उतार हिरवे केले. माथ्यावर हवाई दलाचे ठाणे असल्याने तेथवर रस्ताही आहे, पण तो कोणालाही खुला नाही. रस्ता असूनही डोंगर टिकला, याचे एक कारण रस्त्यावर कोण जाणार हे आधी ठरलेले होते. अंजनेरीला हवाई दल नाही. तेथे हे कोणी ठरवायचे?

कायद्याने त्यासाठी व्यासपीठ दिले आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-ब नुसार प्रत्येक संवर्धन राखीव क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती असते. क्षेत्र ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येते त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तिघे, शिवाय कृषी व पशुसंवर्धन विभागाचे प्रतिनिधी अशी तिची रचना आहे. म्हणजे गाव, वनखाते आणि अभ्यासक एका टेबलाशी बसविण्याची सोय कायद्यातच आहे. समितीचे काम सल्ला देण्याचे आहे, हे तिचे दुबळेपण खरे. पण रस्त्याचा पहिला कागद बांधकाम खात्याकडून वनखात्याकडे जाण्याऐवजी या समितीपुढे आला, तर निदान दोन गोष्टी नोंदविल्या जातील. मागणी कोणत्या वस्तीची आहे आणि आखणीच्या दोन्ही टोकांना गेल्या काही वर्षांत कोणते जमीनव्यवहार झाले. दुसरी माहिती काढणे अवघड नाही. फेरफार नोंदी तलाठ्याच्या दप्तरात असतात आणि आता संगणकावरही. मागणी वस्तीची असेल तर वनहक्क कायद्याच्या दाराने एक हेक्टरच्या आत ती भागवावी. ती तशी भागत नसेल, तर तो गावरस्ता नाही, हे मान्य करून पुढची चर्चा पर्यटन प्रकल्प म्हणून उघडपणे करावी.

केंद्राच्या पश्चिम घाट अधिसूचनेवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही तिचा मसुदा वाचावा. वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ रोजी, सहाव्यांदा निघालेल्या या मसुद्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र प्रस्तावित होते. खाणी, दगडखाणी, प्रदूषणकारी उद्योग आणि २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांवर त्यात बंदी सुचविली आहे. रस्ते त्या बंदीच्या यादीत नाहीत.

कुंभमेळ्याच्या जाहीर वेळापत्रकात ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे. अमृतस्नानाच्या तिथी २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरचा दुसरा आठवडा अशा २०२७ च्या भर पावसाळ्यातील आहेत. त्र्यंबकला आलेला भाविक वाटेवरील अंजनेरीला जाऊ इच्छिणार, हे उघड आहे. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्प फुलते तेही नेमके याच आठवड्यांत.